नंदूची ओळ

मळा, ता. तासगाव
११ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. संयोगितास,
लालासाहेबाचे अनेक आशीर्वाद.

सासऱ्याने सुनेला पत्र लिहायची आपल्याकडे रीत नाही. पण तू फोन उचलत नाहीस. सतरा वेळा केला. अठराव्यांदा तुझ्या भावाने उचलला, आणि "ताई ड्युटीवर गेलीय" असं विश्वजितरावांनी इतक्या घाईने सांगितलं की तू शेजारीच उभी आहेस हे मला इथं बसून कळलं. म्हणून पत्र. सत्तावीस वर्षं फौजेत मी पत्रांवरच संसार केला. पत्र मधेच कट करता येत नाही, फार तर फाडता येतं. वाचून मग फाड.

इकडे सगळं ठीक आहे. द्राक्षांची तोड चालू आहे, निर्यातीच्या मालाची पहिली गाडी परवा गेली. प्रयोगशाळेचा रिपोर्ट स्वच्छ आला, एकाही औषधाचा अंश मर्यादेबाहेर नाही. हे मुद्दाम लिहितोय. तू गेलीस त्या दिवशी माझ्या बागेवर बोट ठेवलंस, ते मला लागलंय.

त्या दिवसाचं काही डोक्यातून जात नाही. तू साताऱ्याच्या डॉक्टरांकडून आलीस, पाणीसुद्धा प्यायली नाहीस, आणि नंदूच्या डाव्या हाताचा एक्स-रे माझ्यापुढे धरलास. म्हणालीस, "आबा, पोरगी साडेसात वर्षांची आणि हाडं साडेदहाची. तिचं अंग वयाआधी मोठं व्हायला लागलंय. डॉक्टर विचारत होते, घराजवळ फवारणी होते का." आणि मी उठलो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "माझ्या बागेचं नाव घ्यायचं न्हाई. शिकलेल्या बायकांस्नी धडधाकट पोरगी बी आजारी दिसती," असं म्हणालो. तू उलट बोलली असतीस तर बरं झालं असतं. तू नंदूचं दप्तर भरलंस आणि चारच्या एसटीने साताऱ्याला भावाकडे गेलीस.

अशा गोष्टी कशा बोलाव्यात मला कळत नाही. तुझ्या सासूबाई असत्या तर तुम्ही दोघी आतल्या खोलीत बसून बोलला असता आणि मला दोन दिवसांनी अर्धं कळलं असतं. माझ्या पिढीच्या पुरुषाला पोरीच्या अंगाबद्दल ऐकलं की आधी लाज वाटते आणि मग राग येतो. ही सबब नाही, नुसतं सांगतोय.

हे थांबवायला डॉक्टरांनी जे इंजेक्शन सांगितलंय, त्याचं काय ते तू आणि उदय ठरवा. नवरा-बायकोच्या निर्णयात मी पडत नाही.

एवढंच मागतो, मे महिन्याच्या सुट्टीत नंदूला आठ दिवस पाठव. घर खायला उठतंय.

तुझा,
आबा


मळा
४ मार्च २०२५

चि. सौ. संयोगितास आशीर्वाद.

विश्वजितराव येऊन गेले. नंदूच्या शाळेचा दाखला घ्यायला आले होते. दाखला म्हणजे तू कायमचीच गेलीस, एवढं समजण्याइतपत अक्कल मला आहे. त्यांना घेऊन मीच शाळेत गेलो. गुरुजी म्हणाले, "सुभेदार, उंच पोर चालली आमची." कबड्डीच्या संघात चौथीच्या पोरींबरोबर उभी करायचे तिला.

तुला माहीत आहे मी किती मिरवलं ते. दिवाळीत तालमीच्या वस्तादांना घरी चहाला बोलावलं, नंदूला पुढ्यात उभी केली आणि म्हटलं, "दुसरीतली हाय, बघा खांदा." वस्ताद म्हणाले, अजून दोन वर्षांनी पाठवा. गावात एका पोरीने कुस्तीत नाव काढलं की दहा घरचे आजे नातीला दूध पाजायला लागतात, त्यातलाच मी एक. रोज दोन ग्लास. तू म्हणायचीस, "आबा, तिला झेपत नाही," आणि मी म्हणायचो, "फौजेत कुणी झेपतंय का इचारत न्हाई."

तुझी चिठ्ठी विश्वजितरावांनी दिली. डॉक्टरांना आपण काय काय फवारतो त्याची यादी हवी आहे म्हणून. सोबत फवारणीच्या नोंदवहीची झेरॉक्स जोडली आहे. तारीख, औषध, प्रमाण, सगळं त्यात आहे. निर्यातवाले दर महिन्याला येऊन तपासतात, त्यामुळे चूक असायचा प्रश्न नाही.

नंदूसाठी द्राक्षांची पेटी भरली होती, तिच्या ओळीची. विहिरीकडची तिसरी ओळ. तीन हंगाम ती तिथले घड मगातल्या पाण्यात बुडवून डिपिंग करते, म्हणून कामाच्या बायकाही त्या ओळीला नंदूची ओळ म्हणतात. विश्वजितरावांनी पेटी हातात घेतली, परत ठेवली. "ताईनं सांगितलंय," एवढंच म्हणाले. भला माणूस आहे, त्याचं तोंड उतरलं होतं. मी पेटी गडीमाणसांना वाटून टाकली.

जाताना ते म्हणाले, दाजी इंजेक्शनला हो म्हणत नाहीत, फोनवर रोज भांडण होतंय. मी म्हटलं, बघा बाबा तुमचं तुम्ही.

नंदू नव्या शाळेत रुळली का, एवढं तरी कळव. नाहीतर कोऱ्या कार्डावर एक टिंब काढून पाठव, मी समजून घेईन.

आबा


मळा
२३ मार्च २०२५

चि. सौ. संयोगिता,

तू टिंब पाठवलं नाहीस. बरोबरच केलंस. पहिल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं होतं.

उदयच्या निर्णयात मी पडत नाही म्हणालो ना? निर्णय त्याचा नव्हताच. तुझी एसटी फाट्यावर गेली नसेल तोवर मी त्याला मदुराईला फोन लावला. म्हटलं, "सुई-बिई काय द्यायची न्हाई. वाढती पोरगी हाय, तिची वाढ थांबवायची व्हय? उद्या लगीन जमवताना लोक इचारतील, कसली इंजेक्शनं दिली म्हून." तो भट्टीपुढे उभा होता, मागे भाता चालल्याचा आवाज येत होता. "बरं आबा," म्हणाला. एवढंच. चाळिशीला आलेला गडी, पंधरा वर्षं परमुलखात सोनं गाळतोय, पण माझ्यापुढे त्याची जीभ अजून आठवीतच आहे. तुझ्याशी रोज भांडत होता तो माझंच बोलणं बोलत होता. त्याला दोष देऊ नकोस.

आता हे मला का सुचलं ते सांगतो. एक्स-रेची एक प्रत तू इथे टेबलावर ठेवून गेली होतीस. ती मी दोन महिने उघडली नाही. परवा ती पिशवीत घातली आणि सांगलीला गेलो. मुलांच्या ग्रंथींच्या डॉक्टरांचं नाव औषधाच्या दुकानात विचारून काढलं. बाहेर सगळ्या आया, कडेवर पोरं, आणि मधे मी पांढऱ्या मिशांचा, मांडीवर पिशवी. एकीने विचारलं, "आजोबा, नातवाला कुठं ठेवलं?" मी पिशवीकडे बोट केलं.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "मुलगी उंच आहे?" मी खुर्चीत ताठ झालो. म्हटलं, "वर्गात सगळ्यात उंच. पैलवान करणार हाय तिला."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, आत्ता उंच आहे. हाडं लवकर पिकली की लवकर वाढायची थांबतात. असंच सोडलं तर आठवी-नववीत मैत्रिणी तिच्या पुढे जातील आणि ही तिथेच राहील. आईपेक्षाही बुटकी राहील कदाचित." मग मी विचारलं, सुईने वाढ थांबते ना? "वाढ नाही थांबत. अवेळी सुरू झालंय ते थांबतं. योग्य वयात सुई बंद केली की पुढचं आपोआप होतं." आणि मग त्यांनी हळूच विचारलं, "आठव्या वर्षी पाळी आली तर त्या लेकराला ते सांभाळता येईल का? वर्गात, खेळताना?"

संयोगिता, मला नंदू दिसली, शाळेच्या मैदानात, एकटी, कुणाला विचारावं हे न कळणारी. मी तिच्या खांद्याकडे बघत होतो आणि तू तिच्याकडे बघत होतीस, एवढाच फरक. तू नर्स आहेस म्हणून तुला कळलं असं मी म्हणत होतो. तू आई आहेस म्हणून कळलं.

सांगलीच्या स्टँडवरूनच उदयला फोन केला. म्हटलं, "मी चुकलो. गाडी पकड आणि साताऱ्याला जा. सुई दे." पलीकडे त्याने भाता थांबवला. मग म्हणाला, "आबा, तुमी बरं हाय न्हवं?" बापाने चूक कबूल केली तर पोराला तो आजारी वाटतो, अशी माझी कीर्ती.

तो पाडव्याला पोचेल. त्याच्याशी भांडू नकोस. भांडायचंच असेल तर माझ्याशी भांड, मी इथेच आहे.

आबा


मळा
१२ एप्रिल २०२५

चि. सौ. संयोगितास आशीर्वाद.

पहिली सुई झाली, उदयचा फोन आला. डोक्यात गाठ नाही ना हे बघायला केलेला एमआरआय साफ आल्याचंही कळलं. मी देवापुढे नारळ फोडला आणि मग तिथेच बसून राहिलो, कारण अजून एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. ती सांगायला मला वीस दिवस लागले.

तुला पाठवलेली नोंदवही खरी आहे, पण पूर्ण नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी ती झाकूनच ठेवली होती.

डिपिंगचं पाणी म्हणजे संजीवक, मणी फुगायचं, त्यात विष काही नाही, असं आपण सगळेच म्हणतो. म्हणून बायका उघड्या हाताने पाण्याचा मग धरतात, घड त्यात बुडवतात, पाणी कोपरावरून काखेत उतरतं, आणि पोरं मधे लुडबुडतात. नंदू पाच वर्षांची असताना उलट्या क्रेटवर उभी राहून बुडवायची. यंदा छोट्या स्टुलावर हात पोचला, तर मी सगळ्या बागेला ओरडून सांगितलं.

गेली दोन वर्षं त्या ड्रममध्ये नुसतं संजीवक नव्हतं. मी त्यात पिठ्या ढेकूण मारायचं कीडनाशक मिसळत होतो. घड एकदा भिजतोच आहे, तर वेगळी फवारणी कशाला, असा हिशोबी शहाणपणा. बाटली ओळखीच्या माणसाने दिली होती, तिच्यावर धड लेबलही नव्हतं. वहीत लिहिता येण्यासारखं ते नव्हतंच, म्हणून लिहिलं नाही. बायकांना सांगितलं नाही. नंदूलाही नाही. ती हातात तो मग घेऊन उभी होती आणि मी खाली उभा राहून तिचे घड मोजत होतो. "पन्नास झालं, पैलवान!"

बाटलीत तळाला थोडं उरलंय. विश्वजितरावांना पाठव, मी बाटली सीलबंद डब्यात घालून त्यांच्या हाती देतो. तुमच्या डॉक्टरांना ते नेमकं काय आहे हे शोधता आलं तर बघू दे.

हे कळल्यावर तू मला कधीच माफ केलं नाहीस तरी माझी तक्रार नाही.

सांगलीच्या बाईंकडे मी पुन्हा गेलो आणि हे सगळं सांगितलं. विचारलं, माझ्यामुळेच झालं ना? त्या म्हणाल्या, "शपथेवर कुणीच सांगू शकणार नाही. मुलींमध्ये पुष्कळदा कारण सापडतच नाही. पण काही औषधं शरीरातल्या हार्मोन्सची नक्कल करतात, काही त्यांच्या कामात अडथळा आणतात. वाढत्या मुलांना ती जितकी कमी लागतील तितकं चांगलं." मी म्हटलं, बाई, हो तरी म्हणा नाहीतर नाही तरी म्हणा. त्यांनी दोन्ही म्हटलं नाही.

मग मी चंद्राबाईकडे गेलो. आपल्या डिपिंगच्या टोळीची मुकादम, तुला आठवत असेल, तूच तिच्या पायाचं ड्रेसिंग करायचीस. तिला ड्रमचं सांगितलं. मला वाटलं शिव्या देईल. ती हातातलं काम ठेवून म्हणाली, "आवं मामा, माझी नात बी हुती की तिथं. तुमच्या नंदूसंगं. तिला कोण न्हेणार डाक्टरकडं?"

मला खरंच सुचलं नव्हतं. तीन महिने मी रात्रंदिवस एका पोरीचा विचार करत होतो आणि त्याच ड्रममध्ये हात घातलेली दुसरी पोर मला दिसलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी दोघींना घेऊन सांगलीला गेलो. पोर ठणठणीत निघाली. वय सात, हाडं सातची. चंद्राबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून पदराने डोळे पुसत होती आणि मी बाजूला उभा होतो. मला आनंद झाला, खरंच झाला. पण आता मला कधीच कळणार नाही. एकच पाणी, दोन पोरी, एकीला काही नाही. चूक ड्रमची, का आणखी कशाची, हे न कळताच मला उरलेली वर्षं काढायची आहेत.

बायकांसाठी कोपरापर्यंतचे हातमोजे आणलेत. बैल गेला आणि झोपा केला. चंद्राबाईने घालून बघितले, म्हणाली, "ह्येच्यात घड गावंना हाताला." म्हटलं, दिवसाला चार ओळी कमी होऊ देत. बागेत पोरांनी यायचं नाही अशी पाटी लावली. आणि ड्रममध्ये संजीवकाशिवाय काही जाणार नाही, हे बायकांसमोर उभं राहून सांगितलं. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवावा असं काही मी केलेलं नाही, म्हणून ड्रम आता चंद्राबाईच भरेल.

आबा


मळा
९ मे २०२५

माझी संयोगिता,

तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि पोस्टमनला उन्हात उभा करून ताक पाजलं.

तू त्यात ड्रमबद्दल एकच वाक्य लिहिलंस. "आबा, तुम्ही सांगितलंत म्हणून डॉक्टरांना विचारता तरी आलं." यापेक्षा जास्त माझ्या वाट्याला यायला नको होतं. आणि खाली नंदूने लिहिलंय की दुसऱ्या सुईला ती रडली नाही, थोडीच रडली. फोनवरही तेच सांगितलं तिने. "आबा, एकच थेंब आला डोळ्यातनं, तो मोजायचा न्हाई." मी म्हटलं, न्हाई मोजला.

शेवटी तू लिहिलंस, वीस तारखेपासून आठ दिवस नंदूला घेऊन येते. सुट्टीत तिला पाठव म्हणून मीच मागे लागलो होतो. पत्र वाचल्याबरोबर मी तिच्या खोलीतला पंखा पुसला, आंबे अढीत घातले, शेजारच्या भाऊसोंना ओरडून सांगितलं, "नात येतीया माझी!"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसोंचा फवारणीचा ब्लोअर सुरू झाला.

तुला ठाऊक आहे, आपलं घर बागेच्या पोटात आहे. मी माझ्या बाजूच्या घरालगतच्या चार ओळी काढून टाकल्यात, पण तीन बाजूंना दुसऱ्यांच्या बागा आहेत. त्यांना मी काय सांगणार? मीही तीस वर्षं तेच केलं. वाऱ्यावर कुणाची हद्द नसते. म्हणून मी एक केलं. माझं धुतलेलं पांढरं धोतर सोप्यात बाजेवर अंथरलं, नंदू दुपारी झोपायची तिथे. चार दिवस उचललं नाही. चौथ्या दिवशी उजेडात धरलं तर त्यावर बारीक निळसर ठिपके होते. उशीच्या बाजूला जास्त.

तीस वर्षं मी ते ठिपके बघितले नाहीत, कारण पांढरं कापड कधी अंथरलंच नाही. त्या बाजेवर ती तान्ही असल्यापासून झोपली.

तेव्हा तिला इकडे आणू नकोस. सुट्टीतही नको, यात्रेलाही नको. हे लिहिताना माझं काय होतंय ते लिहीत नाही. उद्या मला उमाळा आला, फोनवर रडलो, "चार दिवस तरी पाठव" म्हणालो, तरी माझं ऐकू नकोस. हे पत्र जपून ठेव आणि मला वाचून दाखव.

बाग मला सोडता येत नाही. या जमिनीशिवाय मला दुसरं काही येत नाही, आणि चंद्राबाईच्या टोळीची चूलही तिच्यावर चालते. पण बस पकडता येत नाही असं थोडंच आहे? तासगावहून साताऱ्याला जायला अर्धा दिवस लागतो. दर पंधरा दिवसांनी रविवारी मी येईन. तू हो म्हणालीस तर. विश्वजितरावांच्या घरी राहणार नाही, संध्याकाळच्या गाडीने परत फिरेन.

डॉक्टरीणबाईंनी एक सांगितलंय. बागेतला माणूस कपड्यांवर, केसांत, नखांत सगळं घेऊन फिरतो. म्हणून मी साताऱ्यासाठी दोन जोड वेगळे शिवून घेतलेत. ते मळ्यात उघडायचेच नाहीत, थेट तुमच्याकडे ठेवायचे. आल्यावर आधी मला न्हाणीघर दाखव. नंदू धावत येईल, तिला दोन मिनिटं धरून ठेव. रुसेल, ओरडेल, तरी सोडू नकोस.

मी डोक्यावरून आंघोळ करीन, नखं घासीन, ते कपडे घालीन. मग दार उघडीन, आणि मग तिला सोड.

आबा